सुमोवाले काका

पालघर, सफाळे, बोईसर, कुठेही जा. एक सुमोवाले काका भेटतातच. एमआयडीसीतल्या कंपनीतून निवृत्त, घरामागे नारळ-चिकूची वाडी आणि दारात पंधरा वर्षांचं पासिंग संपल्यावर पुन्हा पाच वर्षांचं मिळवलेली टाटा सुमो. पाहुण्याला चहाच्या आधी माहिती मिळते: सुमो म्हणजे जपानी पैलवान नव्हे, टेल्कोचे सुमंत मुळगावकर, त्यांच्याच नावावरून हे नाव. 1994 साली आलेली ही गाडी कंपनीने 2019 मध्ये बंद केली. काकांची चालू आहे. फक्त दुसरा गिअर सुटतो.

म्हणजे उतारावर अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की खाड् आवाज होऊन दांडी आपणहून न्यूट्रलला येते. काकांचा उपाय साधा आहे. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा कायम दांडीवर दाबून. डावीकडचं कोण येतंय-जातंय ते काकूंनी सांगायचं. मिस्त्री कळवळून सांगतो, "काका, हात ठेवून ठेवूनच आतला फोर्क झिजतो." काका म्हणतात, "हात काढला तर गिअर निघतो, त्याचं काय?" या वादाचा निकाल अजून लागायचा आहे.

जिल्ह्याचा भूगोल त्यांना गिअरांनी पाठ आहे. मनोरच्या मस्तान नाक्यावरून पालघरला येताना वाघोबा खिंड लागते. देवळापाशी ड्रायव्हर थांबून हात जोडतात. काका मनातल्या मनात जोडतात, कारण एकदा थांबलं की पहिल्यातून दुसऱ्यात जायचा झगडा नव्याने, आणि हात तर दोन्ही अडकलेले. चिल्हार फाट्याहून बोईसरकडे टँकरांच्या मागे रांगायचं ते हाफ क्लचवर. तारापूर एमआयडीसीत पाळी सुटायची वेळ असली, तर क्लच प्लेट जळाल्याचा वास गाडीभर पसरतो. "केमिकल कंपन्यांनी वैताग आणलाय," असं म्हणून काका काच वर करतात. वास आत कोंडतो. काकू पदर नाकाला लावून बाहेर बघतात.

विकायचा विषय काढायची सोय नाही. "तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं. त्याला कुणी भंगारात काढा म्हणतं का?"

शेवटी एके दिवशी दुसरा पडेनासाच होतो आणि बॉक्स उतरवावा लागतो. काळ्याठिक्कर पडलेल्या गिअर ऑइलात पितळेचा चुरा चमकत असतो. तो सिंक्रो रिंगचा. वेगवेगळ्या गतीने फिरणारा शाफ्ट आणि गिअर यांना जुळण्याआधी एका गतीवर आणायचं हे त्या पितळी रिंगचं काम. ती झिजली की दात दातावर घासतात. ऑइल वेळेवर का बदललं नाही, या प्रश्नावर काका पंख्याकडे बघतात. मग डहाणू लोकल पकडून कुर्ल्याच्या जुन्या बाजारात पार्ट शोधणं आलं. मुंबईला डॉक्टरकडे जायचं काकूंनी सुचवलं तेव्हा काकांना हीच लोकल फार गर्दीची वाटली होती.

गाडी गॅरेजात असताना पुण्याचा भाचा नवीकोरी ऑटोमॅटिक घेऊन येतो. काका हौसेने चालवायला बसतात. डावा पाय क्लच शोधत जोरात ब्रेकवर पडतो आणि मागे बसलेल्या काकू पुढच्या सीटवर आपटतात. काका शांतपणे उतरतात, गाडीभोवती एक फेरी मारतात आणि भाच्याला विचारतात, "हिचा गिअर सुटला तर हात कुठे ठेवायचा रे?"