फूल दिसलं, आडवे व्हा

कासचं पठार 2012 साली जागतिक वारशात गेलं आणि लोक तिथे सीतेची आसवं नावाच्या फुलांपुढे पोटावर आडवे होऊ लागले. एका फुलाच्या फोटोपायी पोटाखाली पन्नास चिरडली तरी हिशेब जुळतो म्हणे.

आमच्या दापोड्यात ती चैन नाही. भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली; उरलाय तो भिंतीकडेचा तेरडा. परवा त्याच्यापुढे गुडघे टेकले. वारा पडेपर्यंत श्वास रोखून धरला, तेवढ्यात कंटेनर धडधडत गेला आणि फोटोत नुसता गुलाबी फराटा.

मागून वॉचमन म्हणाला, "काका, काय हरवलं?"

मी फुलाकडे बोट दाखवलं.

"हे होय! उद्या औषध मारणारेत त्यावर."

(तणनाशकाला औषध म्हणण्याची दानत आपलीच.)