विचारू नका, पकडा

मीरा रोडच्या एका कोडिंग क्लासच्या नोट्स परवा पाहण्यात आल्या. लोकल मशीनवर रिकामा पोर्ट शोधायचा धडा होता. ८००० पासून एकेक नंबर घ्या, त्यावर कनेक्शन करून पाहा, नकार आला की पोर्ट रिकामा समजा आणि तिथे सर्व्हर सुरू करा. हे शिकवणं बंद झालं पाहिजे.

नकाराचा अर्थ एवढाच की त्या क्षणी तिथे कुणी ऐकत नव्हतं. एखाद्या प्रोग्रामने पोर्ट बाइंड केलाय, पण लिसन अजून सुरू केलेलं नाही, तर तोही रिकामाच दिसतो. आणि पोर्ट खरोखर मोकळा असला, तरी तपासणी आणि ताबा यांच्यामध्ये फट राहतेच. भाईंदर लोकलमध्ये जागा कुणाला मिळते? फलाटावरून रिकामी सीट हेरणाऱ्याला नाही, आत शिरून रुमाल टाकणाऱ्याला. दोन टेस्ट एकदम सुरू झाल्या की दोघींनाही ८००१ मोकळा दिसतो आणि त्यातली एक ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणत कोसळते. रोज कोसळत नाही, म्हणून तर दोष सापडायला दिवस जातात.

बरोबर पद्धत याहून सोपी आहे. सॉकेट उघडा, १२७.०.०.१ वर बाइंड करा आणि पोर्टच्या जागी ० द्या. मोकळा नंबर ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः निवडते. लिनक्सवर तो सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधला असतो. कोणता मिळाला ते ‘गेटसॉकनेम’ला विचारा. लूप नको, अंदाज नको. पथ्य एकच: तो सॉकेट बंद करून नुसता नंबर पुढे देऊ नका, नाहीतर तीच फट पुन्हा उघडते. पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामला हवा असेल, तर त्यालाच ० मागू द्या आणि मिळालेला नंबर छापू द्या.

ठरलेला नंबर लागतो तो जगाने शोधत यायच्या सेवेला. एफटीपीच्या २१ आणि टेलनेटच्या २३ यांच्यामधला २२ फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएचसाठी पोर्ट नंबर वाटणाऱ्या ‘आयाना’कडून रीतसर मागून घेतला. आपल्या लॅपटॉपवरच्या टेस्टला असा हट्ट कशाला? २०२१ च्या मॉन्टेरीपासून मॅकवर एअरप्ले रिसीव्हर ५००० नंबर धरून बसतो, आणि फ्लास्कचाही ठरलेला पोर्ट तोच. मुलं ती प्रोसेस मारतात, ती परत उभी राहते. पोर्ट कुणी धरलाय हे आधी ‘एलसॉफ’ने पाहायचं आणि मॅकच्या सेटिंगमधून रिसीव्हर बंद करायचा, नाहीतर आपला पोर्ट बदलायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शिक्षकांनो, पुढची बॅच बसायच्या आत नोट्समधला तो लूप खोडा आणि तिथे ० लिहा.