कोरी वॉरंटी

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभं राहून नुसती ‘नाना’ अशी हाक मारली, तर निदान सात-आठ पिकअपचे ब्रेक लागतात. त्यातला कुठलाही नाना धरा, चालेल. पन्नाशी ओलांडलेली, टोपी मागे सरकलेली, खिशात तंबाखूची पुडी आणि वजनकाट्याच्या पावत्यांचं भेंडोळं, बुडाखाली सेकंडहँड पिकअप. नवी गाडी नाना घेत नाहीत. “नवी घेणं म्हंजी शोरूमवाल्याच्या पोरीच्या लग्नात आहेर करणं,” असं त्यांचं मत आहे. जुनी घेतो तो शहाणा. आणि जुनी असून वॉरंटीसकट घेतो तो... पुढचा शब्द नाना स्वतःच्या तोंडाने उच्चारत नाहीत. मिशीवरून हात फिरवतात.

माझ्या वाट्याला आलेल्या नानांनी गाडी घेतली तेव्हा मी सोबत होतो. मी शाळामास्तर, त्यामुळे गावात कुठलाही व्यवहार निघाला की मला गाडीत घालतात. मी काही बोलायचं नसतं, नुसतं शिकलेलं दिसायचं असतं.

“एका हातची आहे नाना,” गाडीबाजारातला पोरगा सांगत होता. “फक्त फुलं वाहिलीत. झेंडू अन् शेवंती.”

नानांनी शास्त्रशुद्ध तपासणी केली. बॉनेट उघडून आत ‘हं’ म्हणाले, टायरला लाथ घातली, दार दोनदा आपटलं. हौद्याच्या कोपऱ्यात सिमेंटचा घट्ट पापुद्रा धरला होता. मी नुसतं बोट दाखवलं. “कुंड्यांचं असंल,” नाना मलाच म्हणाले.

सौदा 3,85,000 वर ठरला. वर एक वर्ष किंवा 20,000 किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते, इंजिन, गिअरबॉक्स आणि हाउसिंगची वॉरंटी. जाड गुळगुळीत कागद, सोनेरी किनार, मधोमध शिक्का. नानांच्या लग्नपत्रिकेलाही इतका खर्च झाला नव्हता. त्यांनी तो काचेच्या चौकटीत बसवून ओटीवर खंडोबाच्या तसबिरीशेजारी टांगला. कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात अटी होत्या. त्या पुठ्ठ्याकडे तोंड करून बसल्या.

नाना गाडी कानाने चालवतात. डावा पाय कायम क्लचवर. “पाय ठेवायची जागा हाय ती,” असा त्यांचा समज. घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात आणि केबिनमध्ये जळका वास सुटला की पुढच्या ट्रकला शिव्या देतात. गाडीची पासिंग क्षमता 1,300 किलो. वीस किलोचा क्रेट धरला तर 65 क्रेटलाच ती भरते, रिकाम्या क्रेटचं वजन वेगळं. नाना 110 भरतात. मी हिशेब मांडून दाखवला. “मास्तर, टोमॅटोत 94 टक्के पाणी असतं असं तुमच्याच पुस्तकात हाय ना?” ते म्हणाले. “मग भरलं कुठं आपण?”

हाउसिंगच्या आत काय असतं तेही मला नानांनीच समजावलं. इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्सात जाते, तिथून लांब शाफ्टने मागच्या हाउसिंगला. तिथे पिनियन चार-पाच फेरे मारतो तेव्हा क्राऊन कुठे एक मारतो. “पिनियन म्हंजी घरातली सून,” नाना म्हणाले. “क्राऊन म्हंजी सासरा. सावकाश फिरतो, पण घर त्याच्या नावावर.” वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या चालीने जाऊ देणारी वाटणीही त्याच डब्यात. मात्र एक चाक चिखलात रुतून गरगरायला लागलं की सगळे फेरे त्यालाच मिळतात आणि कोरड्या जमिनीवरचं चाक ढिम्म उभं राहतं. “आमच्या धाकट्यावाणी,” नाना म्हणाले. “ज्याचा पाय जमिनीला नाय, सगळं त्यालाच.”

आठव्या महिन्यात सुनेने संप केला. जुलैची रात्र, माळशेज घाट, हातभर अंतरावरचं दिसेना असं धुकं. वाशीला टोमॅटो टाकून नाना परतत होते आणि मी कल्याणहून लेकीकडून येताना त्यांच्या गाडीत बसलो होतो. रिकामं परतणं हा नानांच्या लेखी गुन्हा असल्यामुळे मागे परतीचं भाडं होतं, फरशी. अर्धा घाट चढल्यावर मागून ‘कर्र’ आवाज आला, मग ‘खाड’, आणि मग काहीच नाही. इंजिन गर्जत होतं, गिअर पडत होता, गाडी मात्र तसूभर हलेना. नानांनी मला चाकाखाली दगड लावायला सांगितलं. जुन्नरच्या वाटेवर रात्री दोन वाजता खाली वाकून दगड शोधणारा माणूस बिबट्याला कसा दिसत असेल, हा विचार माझ्या मनात आला. मी नानांनाच उतरवलं.

सकाळी गाडी ओढत वर्कशॉपला नेली. आधी घरून चौकट मागवली. ती उपरण्यात गुंडाळून नानांनी छातीशी धरली होती. मिस्त्रीने हाउसिंगचा खालचा बोल्ट खोलला. लिटर-दोन लिटर तेल यायचं ते वाटीभर आलं, काळंकुट्ट. त्याने त्यात बोट बुडवून उन्हात धरलं. बोटभर चमकी, लग्नातल्या शालूसारखी. मग त्याने लोहचुंबक फिरवलं आणि पिनियनचे दोन दात तळहातावर ठेवले. नाना ते बघत असताना त्यांची जीभ नकळत स्वतःच्या दाढेकडे गेली.

वॉरंटीवाल्यांचा टायवाला पोरगा आला. “सर,” त्याने सुरुवात केली. नानांचा चेहरा तिथेच पडला. आयुष्यात त्यांना ज्यानं ज्यानं ‘सर’ म्हटलं, त्याने पैसे घेतले होते.

“सर, क्राऊन-पिनियन वॉरंटीत आहे. पण ते गेलंय तेल नसल्यामुळे.”

“तेल का नव्हतं?”

“सील गळत होतं.”

“मग सील द्या वॉरंटीत.”

“सील रबराचं, सर. रबर वॉरंटीत येत नाही.”

“म्हंजी मढं वॉरंटीत, अन् रोग नाय?”

“आणि सील गळतंय हे न बघणं हा मालकाचा निष्काळजीपणा. अट क्रमांक 11.”

“कुठं लिवलंय?”

पोराने चौकट उलटी केली, स्क्रूड्रायव्हरने चार चुका उपटल्या आणि पुठ्ठा काढला. आठ महिने अंधारात बसलेल्या 26 अटी उजेडात आल्या. अकरावीनंतर चौदावी होती, जादा वजनाची. “गाडीत काय होतं, सर?” नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

चहाच्या टपरीवर एक वकील भेटले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, माणूस केवळ पोटापाण्यासाठी स्वतः राबून वापरायला वस्तू घेत असेल तर तोही ग्राहकच, तक्रार करता येते, असं ते म्हणाले. नानांनी दुसरा चहा मागवला. “गाडी कुणाच्या नावावर आहे?” वकिलांनी विचारलं. आधीच्या मालकाने सह्या करून दिलेले 29 आणि 30 नंबरचे फॉर्म गाडीच्या कप्प्यात तसेच पडून होते. खरेदीनंतर तीस दिवसांत करायचं काम. नानांनी दुसऱ्या चहाचे पैसे दिले आणि उठले.

28,000 मोजून गाडी सोडवली. वाटेत नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मास्तर, पैशाचं काय नाय. पण आल्यागेल्याला ती चौकट दाखवलीय मी. आता गावाला काय सांगायचं?”

दुसऱ्या दिवशी पारावर मला उत्तर ऐकू आलं. “बारीक काम निघालं. उगं कशाला वॉरंटीला हात लावायचा? राहू दे म्हटलं कोरी.” चौकट खंडोबाशेजारी परत गेली होती. पाठीला या वेळी चारऐवजी आठ चुका होत्या.

दोन महिन्यांनी ओतूरकडचा एक पोरगा गाडी बघायला आला. नानांनी मला ओटीवर बसवून घेतलं.

“फक्त कोथिंबीर वाहिली,” नाना म्हणाले. “अन् वॉरंटी अजून दोन महिने हाय, पार कोरी.”

पोराने बॉनेट उघडून ‘हं’ म्हटलं, टायरला लाथ घातली, दार दोनदा आपटलं. त्याच्यासोबत चष्मेवाले एक गृहस्थ आले होते, काहीच न बोलणारे. त्यांनी हौद्याच्या कोपऱ्यातला फरशीचा तुकडा उचलला आणि पोराला दाखवला. पोराने तो घेऊन रस्त्यापलीकडे भिरकावला.

नानांनी चौकट उतरवली, टोपीने काच पुसली आणि दोन्ही हातांनी त्याच्या हवाली केली. “देवाशेजारी लाव.”

चष्मेवाले गृहस्थ माझ्याकडे बघत होते. मी छताकडे बघितलं.