पोटमाळा, एकहाती

चाळीतल्या खोलीत जमीन आणि छत यांच्या मधल्या रिकाम्या जागेत लाकडाचा जो अर्धा मजला घालतात, तो पोटमाळा. मुंबईत जागा आडवी वाढत नाही हे गिरगाव-लालबागला फार लवकर कळले, आणि ती उभी वाढवता येते हेही लगोलग कळले. गिरगावातल्या कित्येक जुन्या चाळींचा सांगाडाच सागाचा आहे: खांब, तुळया, कड्या, वर फळ्या आणि मधल्या पोकळीत विटांची भरणी. तिथे पोटमाळा म्हणजे मोठ्या सांगाड्याच्या पोटात घातलेला धाकटा सांगाडा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी मात्र १९२०च्या दशकात काँक्रीटमध्ये उभ्या राहिल्या. तिथली खोली साधारण १६० चौरस फुटांची, आणि भिंत अशी की ठोकताना खिळाच वाकतो. तिथल्या पोटमाळ्याला भिंतीच्या भरवशावर राहता येत नाही. त्याला स्वतःचे चार खांब लागतात.

लाकडी घर एकट्याने आणि हातहत्यारांनी बांधण्याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण हेन्री डेव्हिड थोरोचे. अमेरिकेत वॉल्डन तळ्याकाठी त्याने १८४५ साली उसन्या कुऱ्हाडीने काम सुरू केले, रेल्वेवरच्या एका आयरिश मजुराची झोपडी विकत घेऊन तिच्या फळ्या वापरल्या, आणि ४ जुलैला तो राहायला गेला. घर दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब; म्हणजे बीडीडीच्या खोलीपेक्षा दहा चौरस फुटांनी लहानच. वर पोटमाळाही होता. फरक एवढाच की थोरो तिथे एकटा राहून एकांतावर चिंतन करीत असे, आणि तेवढ्याच जागेत लालबागला आठ माणसे, एक शिवणयंत्र आणि गावाहून ‘दोन दिवसांसाठी’ आलेला भाचा राहतो. कुऱ्हाड परत करताना ती घेतली होती त्याहून धारदार करून दिली, असेही थोरोने नमूद केले आहे. चाळीत पटाशी उसनी देणाऱ्याने हा भाग वाचून दाखवावा. उपयोग मात्र होत नाही. सांगाडा उभा करायच्या दिवशी थोरोने ओळखीच्यांना बोलावले होते. गरज म्हणून नव्हे, शेजारधर्म म्हणून, असा त्याचा खुलासा. चाळीत हा खुलासा द्यावा लागत नाही, कारण बोलवावेच लागत नाही.

चाळीत एकट्याने पोटमाळा घालायचा, तर लाकूड जुने घ्यावे. रे रोडला लकडी बंदराकडच्या वखारींत पाडलेल्या इमारतींचा साग मिळतो. त्यातला ब्रह्मदेशी साग दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा असला, तर तो वाळायचा तेवढा वाळलेला असतो आणि पुढे पीळ खात नाही. सागात तेल असल्याने वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. जुन्या लाकडाचा दोष एकच, पोटातले खिळे. वरून डोके तुटलेला खिळा आत दोन इंच शांत बसलेला असतो आणि करवतीचे चार दात घेऊनच बाहेर येतो. म्हणून कापण्याआधी लाकडावरून लोहचुंबक फिरवावा.

हत्यारे थोडी पुरतात: करवत, रंधा, वाकस, दोन रुंदींच्या पटाश्या, गिरमिट, हातोडा, गुण्या, ओळंबा, आणि कानामागे पेन्सिल. विजेची हत्यारे चाळीत चालत नाहीत असे नाही. जुन्या वायरिंगवर ती चालली की बाकी मजल्याचे पंखे मंदावतात, आणि चर्चा लाकडाकडून वीजबिलाकडे वळते. आवाजाचा प्रश्न याहून जुना. कापडगिरण्या तीन पाळ्यांत चालत तेव्हा दिवसाच्या कोणत्याही घटकेला मजल्यावर कोणी ना कोणी रातपाळी करून झोपलेले असे, त्यामुळे ठोकाठोकीला मुहूर्तच सापडत नसे. गिरण्या गेल्या, पण दुपारी दोन ते चारची झोप शाबूत आहे. त्या वेळात रंधा मारावा. रंध्याची सळसळ झोपलेल्याला पंख्यासारखी वाटते.

एकट्याच्या कामातली पहिली अडचण लाकूड उचलण्यात येत नाही. ती पाणसळ धरण्यात येते. चारही खांबांवर एकच उंची आखायला प्लास्टिकची पारदर्शक नळी पाण्याने भरतात. एक टोक या खांबाशी, दुसरे त्या खांबाशी. दोन्हीकडचे पाणी स्थिरावले की जिथे पातळी तिथे खूण. नळीला टोके दोन आणि माणूस एक, म्हणून एक टोक खिळ्याला बांधावे, दुसरे हातात धरावे, नळीत बुडबुडा राहिला नाही ना ते पाहावे आणि वाट बघावी. पाणी वरखाली होत मग थांबते. तेवढ्यात दार ढकलून शेजारचे काका आत येतात. ‘‘एकटोच करतंस काय रे? थांब, मी धरतंय,’’ म्हणत खिळ्याचे टोक सोडवतात, आणि पाणी लादीवर येते. पुन्हा भरावे.

उंची इंचांत मोजतात, सांधे सुतांत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तुळईच्या टोकाला कोरलेली जीभ खांबाच्या भोकात जाताना एक सूत सैल राहिली, तर पोटमाळा पहिल्याच रात्री बोलायला लागतो आणि कोण कुशीवर वळले ते खालच्यांना कळते. भोक पटाशीने, दोन्ही बाजूंनी मध्याकडे कोरीत जावे. एकाच बाजूने आरपार गेले की पलीकडची कड फुटते. मग बाहेरून पाचर. खिळ्यांपेक्षा पाचरीचा सांधा बरा, आणि त्याचे कारण निम्मे सुतारकीचे, निम्मे वकिलीचे आहे. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, मालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने कायमचे बांधकाम केले तर ते जागा खाली करून मागण्याचे कारण ठरते. त्यामुळे पोटमाळा कायमचा की जागेला मोठा धक्का न लावता काढता येण्यासारखा, यावर वाद होतो. पाचर हातोडीच्या दोन ठोक्यांत निघते, सबब तो तात्पुरता. तीन पिढ्या त्यावर झोपल्या तरी तात्पुरताच.

तुळई नेहमी उभी ठेवावी. चार बाय सहा इंचांची तुळई सहा इंच उभे ठेवून बसवली, तर आडव्या ठेवलेल्या त्याच तुळईच्या सव्वादोन पट ताठ राहते. हे गणित चाळीत कोणी नाकारीत नाही. फक्त प्रत्येकाचा एक मेहुणा असतो आणि त्याने ती आडवी टाकलेली असते. दहा फुटांची अशी सागवानी तुळई तीसेक किलो भरते. ती एकट्याने चढवता येते. आधी एक टोक स्टुलावर, मग दुसरे टोक स्टुलावर. पुन्हा पहिल्या टोकाखाली पेटी, मग दुसऱ्याखाली. अशी ती पायरीपायरीने खांबाच्या माथ्याशी येते. शेवटच्या फुटाला छतातल्या पाळण्याच्या कडीतून दोर ओवून घ्यावा. कडी आधी लोंबकळून तपासावी. पाळण्यातले मूल आणि तुळई यांच्या वजनात फरक असतो.

रीत ही. प्रत्यक्षात तुळई पहिल्या स्टुलावर पोचेपर्यंत गॅलरीत सात माणसे जमलेली असतात. दोघे टोके धरतात, एक जण ‘‘हळू, हळू’’ म्हणतो, एक जण हे काम आपल्या वडिलांनी १९६२ साली कसे केले ते सांगतो, आणि उरलेले पेटीवर बसतात, त्याच पेटीवर जी दुसऱ्या टोकाखाली हवी असते. अमेरिकेतले आमिश लोक अख्खा गाव जमवून एका दिवसात धान्याचे कोठार उभारतात. चाळीतही अख्खा मजला जमतो, पण चहामुळे दोन दिवस लागतात.

पुढचे काम किरकोळ. दीड-दीड फुटावर कड्या, त्यांवर फळ्या. शिडी उभी हवी, नाहीतर तीच निम्मी खोली खाते. वर ताठ बसता आले तर अभ्यास होतो, नाही आले तर फक्त झोप होते. काही वर्षांनी दोन्ही बंद पडून तिथे गणपतीचे मखर, पितळेची भांडी आणि टाकवत नाही म्हणून ठेवलेला मिक्सर येतो.

मग एक दिवस चाळीचा पुनर्विकास येतो. बीडीडीवाल्यांना ५०० चौरस फुटांचे घर मिळते. १६० वर पोटमाळा होता की नव्हता, याने त्यात फरक पडत नाही. घर खाली करायच्या आधी तो उतरवावा लागतो, आणि हे काम खरोखर एकट्याने करावे लागते, कारण त्या आठवड्यात मजल्यावरचा प्रत्येक जण आपापला पोटमाळा उतरवत असतो. आधी फळ्या काढाव्या, मग कड्या, शेवटी पाचरी ठोकून तुळया. वखारवाला घनफुटावर भाव लावतो आणि भोकांचे वजा करतो. भोके चौकोनी व सुबक कोरलेली असली तरी तेवढेच वजा करतो.