ड्रॅगन परवडला, श्रावण नको

१९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला आणि तेव्हापासून कल्पनेतली हजारो गावं वसली. अशा गावात एक लोहार, एक खानावळ ठरलेली, आणि कधी बापलेकांचं मटणाचं दुकानही. तलासरीतल्या पोरांच्या मोबाइलवरही आता अशी गावं नांदतात. तिथल्या दुकानाचा हेवाच वाटावा. रात्रंदिवस उघडं, उधारीची वही नाही, आणि रानडुक्कर खांद्यावर टाकून आलेल्या वीराला वनखातं अडवत नाही. गिऱ्हाईकही गुणी: सोन्याचं नाणं ठेवतं, मांस उचलतं, चालू पडतं.

इथे तलासरीतल्या खऱ्या दुकानात बाप सत्तूर चालवतो, पोरगा कोंबड्या सोलतो, आई गल्ल्यावर. समोरून फर्मान: “दादा, चरबी नको, हाडं कमी, नळी मात्र टाका, आणि कलेजी वरून!” बोकडाने जन्माला येतानाच विचार करायला हवा होता. गटारीला रांग लागते आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. निम्मी गिऱ्हाइकं सात्त्विक होतात. त्यात २०२५ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेने १९८८च्या ठरावावर बोट ठेवून १५ ऑगस्टलाही मांसविक्री बंदचा आदेश काढला. तलासरी त्या हद्दीत नाही, हेच नशीब. स्वातंत्र्य कुणाचं? बहुधा बोकडाचं.

खेळ रचणाऱ्यांनो, ड्रॅगन पुरे झाले. तुमच्या खाटकाला एकदा श्रावण, परवान्याचं नूतनीकरण आणि अर्ध्या किलोत चार नळ्या मागणारं गिऱ्हाईक द्या. पहिल्याच फेरीत तो दुकान विकून वीर होईल.