रंग हवेत, डाग नकोत

मुलुंडच्या वन बीएचकेत चार वर्षांच्या पोरीला वाढदिवसाला ‘काहीतरी क्रिएटिव्ह’ न्यायचंय? आधी तिच्या आईला विचारा. स्लाइम नको, सोफ्याला चिकटतं. चमकी नको, महिनाभर डोशात सापडते. ऑइल पेस्टल? अहो, भिंतींना दिवाळीतच रंग काढलाय! उरतं ते आकडे छापलेलं चित्र: एक नंबरला निळा, दोनला हिरवा. झाली नवनिर्मिती. कॅम्लिनच्या दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरुवात केली. पुढे अंधेरीत बस्तान बसवून उंटाच्या रंगपेट्या घरोघर पोचवल्या. भिंतींचा विचार त्यांनी केला नसावा. बाबांची चिंता वेगळीच: ‘‘ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला उपयोग होईल ना? दहावीला मार्क वाढतात.’’ पोरीने तोवर बॉलपेनने भेटीच्या खोक्यावरच मांजर काढायला घेतलंय. ‘‘अगं, खोका खराब करू नकोस,’’ आई ओरडते, ‘‘पुढच्या महिन्यात घाटकोपरला द्यायचाय!’’