राजावर बंदी, मग बायको!

"काय गं, एकटीच काय हसतेस?"

"या काकू, बघा. पॅरिसच्या ओनोरे दोमियेचं चित्र आहे, १८३९ साली पेपरात छापलेलं. नवरा फाटकी पाटलोण नाचवत बायकोवर खेकसतोय. राग मात्र जॉर्ज सांडवर."

"हा कोण मेला?"

"अहो, बाई होती! पुरुषी नावानं कादंबऱ्या लिहायची. ह्या नवऱ्याचं म्हणणं, तिच्यामुळेच बायका पाटलोणी शिवेनाशा झाल्या."

"इश्श! ह्याला सुईदोरा धरता येत नव्हता?"

"आणि कायदा सगळा ह्याच्याच बाजूचा हो. नेपोलियननं १८०४ मध्येच लिहून ठेवलेलं, बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहायचं. १८१६ पासून घटस्फोटही बंद, तो थेट १८८४ पर्यंत. तरी ह्यांना बायकांचीच धास्ती."

"रोज हेच छापायचे?"

"दुसरं छापतील काय? राजाला खादाड राक्षस दाखवला म्हणून दोमिये सहा महिने आत बसून आलेला. १८३५ मध्ये तर राजकीय चित्रांवर सेन्सॉरच आला. मग 'ल शारिवारी' पेपरात राजाच्या जागी घरचा संसार."

"राजापुढे चालेना, बायको सापडली!"

"सापडली कसली, १८४४ मध्ये लिहित्या बायकांवर चाळीस चित्रं काढली त्यानं. एकात बाई लिहिण्यात गुंग, आणि पोर टबात उलटं पडलंय, पाय वर."

"अगं बाई! बाप कुठे होता?"

"चित्रात नाहीच."

"शारिवारी वाचत बसला असेल!"

"नवऱ्यांनाही सोडत नाही हं तो, काटकुळे, बावळट काढतो. म्हणून तर बघवतात ही चित्रं. स्वतः मात्र १८४६ मध्ये लग्न केलं ते शिवणकाम करणारीशी."

"शहाणाच की! पाटलोणीची सोय झाली."

"पुढचं ऐका. १८४८ च्या क्रांतीनं मत दिलं, ते फक्त पुरुषांना. दुसऱ्याच वर्षी जान दरवँ नावाची मास्तरीण हट्टानं निवडणुकीला उभी राहिली. तीही आधी शिवणकामवालीच. झालं, दोमियेनं समाजवादी बायकांची टर उडवणारी मालिका काढली."

"मग ती गप्प बसली?"

"छे! कामगारांच्या संघटना बांधायला लागली, तर १८५० मध्ये सरकारनं पकडलं. तिनं तुरुंगातून अमेरिकेतल्या बायकांच्या परिषदेला पत्र धाडलं."

"आणि तुझा तो दोमिये? तुरुंगाचं अन्न खाल्लेला ना गं तोही?"